आधी मूळ बघा, मग पुडी फोडा : दूषित ओढाकाठावर पाणथळ झाडं आणि मायकोरायझा

मामांच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. ओढ्यालगतची पट्टी चिंचोळी, जेमतेम १५ गुंठे. कधीकाळी तिथे वाफशावर हरभरा यायचा. मग वरच्या अंगाला वस्ती वाढली, त्यामागोमाग धातूला मुलामा चढवणाऱ्या दोन-चार शेड आल्या आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ओढ्यात सांडपाणीच वाहू लागलं. मेथी पिवळी पडायला लागली, हरभरा वीतभर वाढून थांबायचा. शेवटी पट्टी घाणेरीने आणि बेशरमने बळकावली. मामा एक दिवस म्हणाले, "तू कॉलेजात हेच शिकवतोस ना? मग कर की काहीतरी."

मी केलं, आणि पहिल्या वर्षी साफ फसलो. कृषी सेवा केंद्रातून 'व्हॅम'च्या, म्हणजे झाडांच्या मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या, पुड्या आणल्या. (मायकोरायझा म्हटलं की दुकानदार क्षणभर विचारात पडतो, व्हॅम म्हटलं की लगेच काढून देतो.) जूनमध्ये वाळ्याचे ठोंब लावले आणि प्रत्येक खड्ड्यात मूठभर भुकटी टाकली. जुलैत ओढा फुगला, पट्टीत तीन आठवडे पाणी तुंबलं. गणपती उठल्यावर मुळं काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर वाळा जिवंत होता पण मुळात बुरशीचा धागाही नव्हता. पैसे पाण्यात गेले, आणि इथे तर अक्षरशः.

त्यानंतर जो क्रम बसला तो खाली देतो आहे. ज्यांच्याकडे नाल्याकाठची, कारखान्याच्या सांडव्याजवळची किंवा मैलापाण्यावर भिजलेली जमीन आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं साधं सूक्ष्मदर्शक मिळालं तर उत्तमच, कारण निम्मं काम त्यावर अवलंबून आहे.

ही बुरशी करते काय, आणि काय करत नाही

मुळातली ही बुरशी रोगाची नव्हे. १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मुळं आणि बुरशीच्या या भागीदारीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. गंमत म्हणजे सरकारने त्याला कामाला लावलं होतं ते ट्रफल नावाची महागडी खाद्य बुरशी प्रशियात पिकवता येईल का हे बघायला. ट्रफलची शेती काही जमली नाही, हाती लागलं ते हे. आपल्या कामाचा प्रकार अर्बस्क्युलर मायकोरायझा. ही बुरशी मुळाच्या पेशीत शिरून तिथे झाडासारख्या बारीक फांद्या फोडते. त्या फांद्यांतून ती झाडाला स्फुरद (फॉस्फरस) देते आणि बदल्यात साखर घेते. मुळाच्या केसालाही जिथे शिरता येत नाही अशा फटींत तिचे काही मायक्रॉन जाडीचे धागे पोचतात.

दूषित जमिनीत तिचा दुसरा गुण कामी येतो. शिसं, कॅडमियम, जस्त यांचा बराच भाग तिच्या पेशीभित्तिकांना चिकटून धाग्यांत आणि मुळांतच अडकतो, पाल्यापर्यंत कमी चढतो. पाणथळ झाडांचा स्वभावही तोच. नळ हे उंच गवत आणि पाणकणीस यांच्यात धातूंचा मोठा हिस्सा मुळांत आणि जमिनीखालच्या खोडात साठतो. दोघं मिळून विष जागच्या जागी बांधून ठेवतात. हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण धातू हे मूलद्रव्य आहे, बुरशी ते खाऊन संपवू शकत नाही. तेल, डिझेल यांसारखे सेंद्रिय पदार्थ मुळांभोवतीचे जिवाणू हळूहळू तोडतात, ती गोष्ट निराळी. 'एका हंगामात जमीन शुद्ध' असं कोणी सांगितलं तर त्याला आधी विचारा, कॅडमियम गेलं कुठे?

महाराष्ट्रात या वाटेने आधी गेलेले लोक आहेत. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला गाळ (प्रेसमड), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा एकत्र वापरून झाडी उभी केली. तिथे नुसती बुरशी टाकली नव्हती, आधी ढिगाऱ्याला सेंद्रिय पदार्थ दिला होता, हे विसरू नका.

पायरी १ : विष कोणतं ते ठरवा

मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तीत १२ गोष्टी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक त्यात नाहीत. त्यासाठी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत वेगळा नमुना द्यावा लागतो, आणि तो महाग पडतो. म्हणून वरच्या अंगाला कोणता उद्योग आहे ते बघून धातू निवडा. मुलामा असेल तर क्रोमियम, निकेल, जस्त, कॅडमियम. बॅटरी फोडण्याचं काम असेल तर शिसं. कातडी कमावण्याचं असेल तर क्रोमियम.

नमुना घेताना जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा गंजलेलं खुरपं वापरू नका, तुमच्याच हत्याराचं जस्त अहवालात येईल. प्लास्टिकचं किंवा लाकडाचं खुरपं घ्या. ओढ्याच्या काठाला समांतर चाला. काठाजवळ, मध्ये आणि वरच्या बाजूला अशा तीन ओळी धरा. प्रत्येक ओळीत ८–१० ठिकाणी २० सेंटिमीटर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या भिंतीची पातळ खाप घ्या. तीन ओळींची माती एकत्र करू नका. माझ्या अहवालात काठालगतच्या ओळीतलं जस्त वरच्या ओळीच्या कितीतरी पट निघालं. माती मिसळली असती तर सरासरीत ते दडून गेलं असतं.

साधी माती तपासणीही सोबत करून घ्या, कारण त्यातले दोन आकडे पुढे लागणार आहेत. पहिला सामू. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. अशा जमिनीत शिसं, जस्त, कॅडमियम बरंचसं जखडलेलं राहतं, ते आपल्या पथ्यावर पडतं. आर्सेनिक आणि विषारी सहा-संयुजी क्रोमियम मात्र अशाच जमिनीत जास्त सुटे होतात. दुसरा आकडा उपलब्ध स्फुरद. मैलापाण्यावर भिजलेल्या जमिनीत तो हमखास 'जास्त' किंवा 'अत्यंत जास्त' निघतो. झाडाला स्फुरद आयता मिळाला की ते बुरशीला साखर द्यायचं बंद करतं. अशा जमिनीत महागातली महाग पुडी टाका, मुळात काही दिसणार नाही.

आणि वरून येणारं पाणी अजून चालू असेल तर ते आधी अडवा किंवा वळवा. ते आपल्या आवाक्यात नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार, फोटो आणि तारखांसकट. लागवडीची घाई त्यानंतर.

पायरी २ : आहे ती मुळं रंगवून बघा

बहुतेक लोक हीच पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथेच आहे. त्या विषारी पट्टीत जे काही तगून आहे, त्याच्या मुळात बुरशी आहे का? असेल तर ती तिथली, त्या विषाला सरावलेली बुरशी आहे. ती सोन्याच्या मोलाची.

कोणाची मुळं घ्यायची? गवतं चांगली: हरळी, वाळा, नळ. माका आणि ब्राह्मी यांसारखी ओलीतली छोटी झाडंही. लव्हाळ्याच्या कुळात ही बुरशी बहुधा कमीच सापडते, आणि कायम पाण्यात उभ्या असलेल्या पाणकणसात तर आणखी कमी. मोहरी, कोबी, मुळा यांचं कुळ आणि पालक, माठ, चाकवत यांचं कुळ जवळजवळ कोरं. यातली मेख लक्षात घ्या. नाल्याच्या पाण्यावर आपल्याकडे हमखास पिकतात ते पालक, माठ आणि कोबीच. त्यांच्या मुळात राखण करायला ही बुरशी नसते, आणि पालकासारखी पालेभाजी कॅडमियम पानात ओढून घेण्यात पटाईत.

ओल्या मातीतून खुरप्याने ढेकूळ उचला, मूळ ओढून काढू नका. बादलीत भिजवून माती आपोआप सुटू द्या. आपल्याला हवीत ती १ मिलिमीटरपेक्षा बारीक, फिकट, कोवळी मुळं. नळाचं करंगळीएवढं जाड मूळ निरुपयोगी. पाणथळ झाडांच्या मुळांवर पुष्कळदा गंजासारखा तांबूस थर दिसतो. झाड पानांतून पोकळ नळ्यांवाटे हवा मुळांपर्यंत नेतं, ती थोडी बाहेर झिरपते आणि चिखलातलं विरघळलेलं लोह तिथल्या तिथे गंजतं. हा थर दिसला तर खूश व्हा: तिथे प्राणवायू पोचतोय. जिथे मुळं काळी आणि सडक्या अंड्याच्या वासाची, तिथे बुरशी शोधण्यात वेळ घालवू नका.

आता रंगवणं. जुन्या पद्धतीत ट्रिपॅन ब्ल्यू हा रंग वापरत, पण तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. १९९८ मध्ये फियरहायलिग आणि सहकाऱ्यांनी शाई-व्हिनेगरची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त आहे, आणि मुलांच्या हातात द्यायलाही बरी.

मुळांचे सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि चहाच्या स्टीलच्या गाळणीत ठेवा. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हळूहळू टाका. पोटॅशवर पाणी ओतू नका, उसळतं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हे कधीही करू नका: पोटॅश ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन वायू निघतो. एका उत्साही विद्यार्थ्याने घरचं दुधाचं पातेलं आणलं होतं. फेस येऊ लागल्यावर तो म्हणाला, "सर, उकळलं!" गॅस अजून पेटवलाच नव्हता.

गाळणीसकट मुळं या द्रावात बुडवून भांडं गरम पाण्यात ठेवा, उकळीच्या जरा खाली. हरळीला २०–२५ मिनिटं पुरतात, वाळ्यासारख्या चिवट मुळाला तास लागतो. मुळं काचेसारखी पारदर्शक दिसू लागली की काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. तरीही तपकिरी राहिली तर काही मिनिटं हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पुन्हा धुवा. नंतर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं. हे चुकवू नका, आम्लाशिवाय शाई नीट धरत नाही.

९५ मिलिलिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ मिलिलिटर फाउंटन पेनची शाई मिसळा, काळी किंवा निळी. व्हिनेगर ५ टक्क्यांचं असावं, बाटलीवर लिहिलेलं असतं. त्यात मुळं ३ मिनिटं उकळा, मग दोन-चार थेंब व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवा. जादा रंग उतरतो, बुरशीचा राहतो. सगळ्याच शाया चढत नाहीत. म्हणून पहिल्यांदा परसातल्या कांद्याच्या किंवा मक्याच्या मुळांवर करून बघा, तिथे बुरशी बहुतेक वेळा असतेच. तिथेही काही दिसलं नाही तर खोट शाईत आहे.

काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यावर तुकडे, वर कव्हर स्लिप, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबा. आधी १०० पट, मग ४०० पट. मुळाच्या लांबीला समांतर धावणारे निळे धागे दिसतील, त्यांत आडवे पडदे नसतात. अधूनमधून गोल किंवा लांबट फुगे दिसतील, ती साठवणीची कोठारं. आणि एखाद्या पेशीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी दाट फांद्याफांद्यांची गर्दी. तो अर्बस्क्यूल. तो दिसला की भागीदारी जिवंत आहे. मुळं सडवणाऱ्या काही जिवांचेही धागे बिनपडद्याचे असतात, त्यामुळे नुसत्या धाग्यांवर समाधान मानू नका. न रंगताही तपकिरी-काळे आणि पडदे असलेले धागे दिसले तर ती वेगळी, मुळाच्या आत राहणारी काळ्या धाग्यांची बुरशी. धातूने बिघडलेल्या जमिनीत आणि लव्हाळ्याच्या मुळांत ती वारंवार भेटते. तिची नोंद ठेवा, पण आपल्या मोजणीत धरू नका.

मोजायला पेट्री डिशच्या बाहेरून तळावर परमनंट मार्करने सव्वा सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि रंगवलेली मुळं पाण्यात पसरा. मूळ जिथे रेघ ओलांडतं तिथेच बघायचं: निळं आहे की नाही. १०० ओलांडण्या मोजल्या की जितक्या ठिकाणी सापडली तितके टक्के. शंका आली तर तो तुकडा उचलून काचपट्टीवर घ्या. मातीतले बीजाणू मोजण्याच्या भानगडीत पडू नका. पुराच्या गाळातून बीजाणू कुठूनही वाहत येतात, आणि मेलेले बीजाणूही मोजले जातात. खरं सांगतं ते मूळ.

पायरी ३ : तिथलीच बुरशी वाढवा

ज्या झाडाच्या मुळात सर्वांत जास्त निळं दिसलं, त्याच्या बुंध्याची माती बारीक मुळांसकट ४–५ किलो घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात नदीची वाळू ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली ४ ते ६ आठवडे तापवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. वाळू निवली की बुडाला भोकं असलेल्या कुंड्यांत वाळू आणि ती माती निम्मी-निम्मी भरा. वर मका किंवा ज्वारी दाट पेरा, सोबत कांद्याची थोडी रोपं लावा.

डीएपी, सुपर फॉस्फेट, शेणखत यातलं काही नको. पानं फारच पिवळी पडली तर चिमूटभर युरिया पाण्यातून. तीन ते चार महिने वाढू द्या. शेवटचे १०–१५ दिवस पाणी पूर्ण तोडा, म्हणजे झाड वाळताना बुरशी बीजाणू धरते. वरचा पाला कापून टाका, मुळं बारीक कातरून त्याच मातीत मिसळा आणि सावलीत सुकवून पिशवीत भरा. झालं तुमचं विरजण. मी याला विरजणच म्हणतो, कारण चमचाभर घातलं तरी हळूहळू सगळं लागतं.

पिशवीवर तारीख आणि ठिकाण लिहा. हे विरजण त्याच पट्टीसाठी, भाजीच्या वाफ्यात किंवा शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत नाही. मूळ माती दूषित आहे, आणि तिच्यासोबत मुळांचे रोगही आले असू शकतात. पट्टीत कुठेच निळं सापडलं नाही तर मात्र विकतचं आणा. तेव्हा पाकिटावरची बॅच आणि मुदत बघा, आणि दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं घेऊ नका.

पायरी ४ : रोपं कोरड्यावर, पाण्यात नाही

माझी पहिल्या वर्षीची चूक इथे दुरुस्त होते. बुरशीला प्राणवायू लागतो. तुंबलेल्या चिखलात तिला नव्याने मुळात शिरणं फार अवघड. पण एकदा ती आत बसली की झाडाच्या पोकळ नळ्यांतून येणाऱ्या हवेवर निभावून नेते. म्हणून लग्न रोपवाटिकेत लावायचं, नांदायला नंतर पाठवायचं.

दोन भाग वाळू आणि एक भाग साधी चांगली माती पिशव्यांत भरा. मध्ये खड्डा करून ३०–४० ग्रॅम विरजण अशा जागी घाला की ते मुळांना थेट लागेल, पृष्ठभागावर भुरभुरून उपयोग नाही. वाळ्याचा ठोंब दोन-तीन फुटव्यांचा असावा. नळाच्या जमिनीखालच्या खोडाचा दोन डोळ्यांचा तुकडा चालतो. माका, ब्राह्मी फांदीवरून. ६ ते ८ आठवडे ओलं ठेवा, पण बुडाला पाणी साचू देऊ नका.

किमान दहा पिशव्या विरजणाशिवाय तयार करा, त्यांवर लाल रंगाचा ठिपका द्या. शेतकरी मित्र यावर नेहमी हसतात: मुद्दाम वाईट रोपं कशाला करायची? पण दोन वर्षांनी फरक बुरशीमुळे पडला की नुसत्या वाळ्यामुळे, हे तुम्हाला त्या लाल ठिपक्यांशिवाय कोण सांगणार? लावण्याआधी दोन्ही गटांतली तीन-तीन रोपं उपटून मुळं रंगवा. विरजणवाल्या रोपांत निळं नसेल तर लागवड पुढे ढकला.

पायरी ५ : तीन पट्टे

वेळ पावसाळ्यानंतरची: ओढ्याचं पाणी उतरू लागलं की, साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पुढच्या पुरापर्यंत रोपांना सात-आठ महिने मिळतात. बेशरम मुळासकट काढा, तिची कांडी जिथे पडेल तिथे पुन्हा फुटते. जलपर्णी तर आणूच नका. ती वेगाने धातू ओढते असं सांगत कोणी भरीस घालेल, पण ती काढून टाकायचं काम वर्षभर तुमच्याच गळ्यात पडेल.

वरचा पट्टा, जिथे पाणी क्वचित चढतं, तिथे वाळा. उताराला आडव्या ओळी, ओळीत १५–२० सेंटिमीटरवर रोप, दोन ओळींत मीटरभर. मधल्या मोकळ्या जागेत हरळी आपोआप येते, येऊ द्या. मधला पट्टा, कधी ओला कधी सुका, हा बुरशीचा खरा मुलूख: चौरस मीटरला नळाची ४ रोपं, खाली माका आणि ब्राह्मी. या ब्राह्मीची कुणी भाजी किंवा तेल करणार नाही याची तजवीज आधीच करा. 'औषधी' म्हणून ती सगळ्यात आधी चोरीला जाते. खालचा पट्टा, कायम पाण्यातला, तिथे पाणकणीस आणि लव्हाळे आपोआप येतात. तिथे विरजण वाया घालवू नका.

लावताना नांगर, रोटाव्हेटर नको. खड्डा तेवढाच उकरा. आधीपासून मातीत पसरलेलं धाग्यांचं जाळं एका नांगरटीत तुटतं.

ओढ्याचं पात्र आणि पूररेषेतली सरकारी जागा यांत परवानगीशिवाय काही लावू नका. खाडीकाठी असाल तर खारफुटी तोडून लागवड करणं हा गुन्हा आहे.

पायरी ६ : पाणी, म्हणजे खरी कसोटी

पाण्याची पातळी बघायला ३० सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्याला खालच्या अर्ध्या भागात भोकं पाडा आणि मधल्या पट्ट्यात उभा गाडा. भातशेतीत पाणी वाचवायला हीच युक्ती वापरतात: पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेलं की पुन्हा पाणी. बुरशीलाही हे कोरडं-ओलं चक्र मानवतं.

हवा किती खोल जाते हे बघायला एक लोखंडी सळई सँडपेपरने चकचकीत घासून जमिनीत ठोका आणि महिन्याने उपटा. जिथपर्यंत तांबडा गंज आहे तिथपर्यंत प्राणवायू पोचला. त्याखाली सळई करडी किंवा काळी निघते. आमच्याकडे डिसेंबरात तांबडा भाग चार बोटं होता, मार्चमध्ये वीतभर. मामांना सूक्ष्मदर्शकातलं काही पटलं नव्हतं. सळई बघून म्हणाले, "म्हणजे इथपर्यंत जमीन श्वास घेते म्हण की."

पण इथे एक पेच आहे, आणि पायरी १ चा अहवाल यासाठीच हवा होता. जमीन तुंबली की लोहाचे गंज विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. उलट जमीन सुकली की चिखलात गंधकाशी बांधलेलं कॅडमियम आणि जस्त सुटं होतं. भाताच्या दाण्यातही हेच दिसतं: पाणी उभं तर आर्सेनिक जास्त, पाणी काढलं तर कॅडमियम जास्त. तेव्हा आर्सेनिक असेल तर जमीन जास्त काळ पाण्याबाहेर ठेवा. कॅडमियम असेल तर फार सुकू देऊ नका, भेगा पडायच्या आत पाणी द्या आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर ठेवा. सहा-संयुजी क्रोमियम असेल तर सेंद्रिय पदार्थ आणि ओल दोन्ही तुमच्या बाजूने आहेत, ते कमी विषारी तीन-संयुजी रूपात जाऊन बसतं. आमच्याकडे जस्त आणि क्रोमियम होतं, म्हणून आम्ही चक्र आखूड ठेवलं: दोन-तीन दिवस पाणी, मग आठवडाभर वाफसा.

स्फुरदयुक्त खत नाही, कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक नाही. धातू 'सोडवण्यासाठी' ईडीटीए हे रसायन टाकायचा सल्ला मिळाला तर हात जोडा. सुटलेला धातू झाड घेईल त्याआधी विहिरीत उतरेल.

पायरी ७ : मोजत राहा, आणि कापलेलं कुठे जातं ते बघा

दरवर्षी नोव्हेंबर आणि मे अशी दोनदा मुळं रंगवा, लाल ठिपक्याच्या रोपांचीही. भर पुरानंतर आकडा घसरेल, घाबरू नका. उन्हाळ्यात तो परत चढला की झालं. मातीतला एकूण धातू तिसऱ्या वर्षीही जवळपास तेवढाच दिसेल, आणि तसाच दिसायला हवा, कारण आपण तो बाहेर काढलेलाच नाही. बघायचं ते दुसरंच: उपलब्ध धातू, पाल्यातला धातू आणि शेजारच्या विहिरीचं पाणी. पैसे कमी असतील तर पाला आणि विहीर, माती राहू द्या.

वाळा आणि नळ वर्षातून एकदा, फुलोऱ्याआधी, वीतभर खुंट ठेवून कापा. मुळं उपटू नका. वाळ्याच्या मुळांना बाजारभाव आहे, पण या पट्टीतली मुळं माठातल्या पाण्यात घालायची नाहीत, अत्तरवाल्याला विकायची नाहीत. पाल्याचा एक नमुना तपासून घ्या. धातू कमी निघाला तर त्याच पट्टीत आच्छादन म्हणून पसरा. जास्त निघाला तर चुलीत जाळू नका, गांडूळखतात घालू नका. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. धोकादायक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे सामायिक केंद्रं आहेत, तिथे पाठवायची वेळ येऊ शकते.

आणि कुंपण घाला. एप्रिलात सगळीकडे रखरखाट असतो, फक्त तुमची पट्टी हिरवीगार. गेल्या उन्हाळ्यात एक गवळी बांधावर उभा राहिला. "मास्तर, एवढा चारा कापून नुसता टाकताय? दोन म्हशी आहेत माझ्या, घेऊन जातो की." त्याला मुळं, बुरशी, कॅडमियम सांगत बसलो नाही. म्हटलं, "दादा, या ओढ्याचं पाणी म्हशीला पाजाल का?" तो ओढ्याकडे बघून थुंकला. "मग हे गवत तेच पिऊन वाढलंय."